शेजाऱ्याने दिलेलं हरणाचं मांस खावं की नाही?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विस्कॉन्सिनमध्ये, मॅडिसनच्या पश्चिमेला डेन काउंटीत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला शेजारचे आजोबा दर हिवाळ्यात स्वतः मारलेल्या हरणाचं मांस आणून देतात. तीन वर्षं यांनी ते रस्सा करून खाल्लं. आता नागपूरहून आईचा फोन आला. तिने ‘झोंबी हरणां’ची, म्हणजे सीडब्ल्यूडी या हरणांच्या मेंदूरोगाची बातमी पाहिली होती. फ्रीझरमध्ये दोन पाकिटं शिल्लक आहेत. मागच्या अंगणात रोज हरणं येतात आणि मुलं त्यांना सफरचंदं टाकतात. खाल्लं त्याचं काय, उरलं त्याचं काय, मुलांनी काय करावं, आणि ताडोबा-पेंचच्या चितळांनाही हे होतं का?

आधी पाकिटांचं सांगतो. ज्या हरणाचं ते मांस आहे त्याची या रोगासाठी तपासणी झाली होती का, एवढंच आजोबांना विचारा. झाली असेल आणि रोग ‘आढळला नाही’ असं उत्तर आलं असेल, तर खुशाल शिजवा. झाली नसेल तर तुमच्या काउंटीतलं मांस मी माझ्या घरात शिजवणार नाही, तुम्हीही शिजवू नका. पाकिटं पिशवीत घट्ट बांधून घरच्या कचऱ्यात द्या, म्हणजे ती बंदिस्त कचराभूमीत जातील. अंगणात पुरू नका, कंपोस्टमध्ये टाकू नका. जे खाऊन झालं आहे त्यासाठी मात्र झोप घालवू नका. त्याची कारणं पुढे देतो.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलो आणि गेली बावीस वर्षं मिडवेस्टमधल्या एका निदान प्रयोगशाळेत आहे. नोव्हेंबर उजाडला की आमच्याकडे हरणांची मुंडकी येऊ लागतात. घशाच्या मागे दोन्ही बाजूंना मोठ्या द्राक्षाएवढ्या लसिकाग्रंथी असतात, त्या काढायच्या. मेंदू जिथे कण्याच्या मज्जारज्जूत उतरतो तिथल्या खाचेचा तुकडा घ्यायचा. या दोन ठिकाणी रोगाचा पुरावा सापडतो. माझ्या पहिल्या हंगामातलं एक मुंडकं मला अजून आठवतं. दहा टोकांच्या शिंगांचा नर होता. मान जाड, डोळ्याभोवती चरबी, तुकतुकीत कातडी. मारणाऱ्याने सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की इतकं निरोगी जनावर आयुष्यात पाहिलं नाही. त्याच्या ग्रंथी रोगाने भरलेल्या निघाल्या. तेव्हापासून कुणी ‘पण हरीण चांगलं धडधाकट होतं हो’ असं म्हणालं की मला ते मुंडकं दिसतं. या रोगाबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे, आणि बातम्यांतली लाळ गाळणारी, भेलकांडणारी हरणं तो आणखी घट्ट करतात.

रोगाचं नाव क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, इथे सगळे सीडब्ल्यूडी म्हणतात. वेस्टिंग म्हणजे झिजणं, खंगणं. मराठीत काही जण याला हरणांचा क्षय म्हणतात, ते टाळावं. क्षय म्हटलं की आपल्याकडे टीबी समजतात, आणि याचा टीबीशी काही संबंध नाही. १९६७ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स इथल्या सरकारी संशोधन केंद्रात, कुंपणात ठेवलेली म्यूल डिअर जातीची हरणं खंगून मरू लागली. आधी वाटलं, चाऱ्यात काही कमी पडतंय किंवा बंदिवासाचा ताण आहे. १९७८मध्ये एलिझाबेथ विल्यम्स या तरुण पशुवैद्यक विकृतितज्ज्ञ बाईंनी मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. मेंदूला स्पंजासारखी भोकं पडलेली होती. मेंढ्यांच्या स्क्रेपी नावाच्या जुन्या रोगात असंच चित्र दिसतं. १९८१मध्ये रानातल्या एल्कमध्ये रोग सापडला. अमेरिकेत एल्क म्हणतात तो वापिटी, आपल्या काश्मीरच्या हंगुलचा जवळचा नातलग.

आता यामागे आहे तरी काय? बातमीत ‘व्हायरस’ म्हटलं होतं, ते चूक आहे. विषाणू नाही, जिवाणू नाही, बुरशी नाही. प्राण्याच्या स्वतःच्याच शरीरातलं एक प्रथिन चुकीच्या घडीत दुमडतं, तोच हा रोग. ते प्रथिन तुमच्या-माझ्या मेंदूतही असतं, सरळ घडीचं. त्याच्या वाकड्या रूपाला प्रिऑन म्हणतात. हा शब्द स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२मध्ये दिला आणि १९९७मध्ये त्यांना या कामासाठी नोबेल मिळालं. पुष्कळांना हे विरजणासारखं वाटतं, पण विरजणात जिवंत जिवाणू असतात. मला खडीसाखरेचं उदाहरण जास्त जवळचं वाटतं. दाट पाकात दोरा सोडला की त्यावर पहिला खडा धरतो, मग त्या खड्याच्याच घडणीने शेजारची साखर बसत जाते. तिथे जिवंत काही नसतं, फक्त एक आकार दुसऱ्याला आपल्यासारखा करून घेतो. प्रिऑन सरळ प्रथिनाला असाच वाकवतो, ते तिसऱ्याला, आणि मेंदूच्या पेशी हळूहळू मरत जातात. शरीराला हे परकं वाटतच नाही, आपलंच प्रथिन आहे म्हणून. त्यामुळे ताप येत नाही, प्रतिकारशक्ती जागी होत नाही. जे मुळात जिवंतच नाही ते प्रतिजैविकाने मरणार नाही. गुरांच्या बुळकांडीचं जगातून उच्चाटन झाल्याची घोषणा २०११मध्ये झाली. त्या लढाईत आपल्या हातात उत्तम लस होती. इथे वापरण्याजोगी लस नाही, औषध नाही, आणि रोग झालेलं एकही हरीण बरं होत नाही.

लागण झाल्यावर साधारण दीड ते दोन वर्षं हरीण बाहेरून ठणठणीत असतं. पळतं, माजावर येतं, पिल्लं देतं. पण लागणीनंतर काही महिन्यांतच त्याच्या लाळेतून, मूत्रातून, लेंड्यांतून प्रिऑन बाहेर पडायला लागतात. खंगणं, कान पडणं, मान खाली, पाय फाकवून उभं राहणं, सारखं पाणी पिणं, लाळ गळणं ही सगळी शेवटच्या काही आठवड्यांची किंवा महिन्यांची लक्षणं. त्या टप्प्यातलं हरीण रानात फारसं दिसतही नाही. गाडीखाली येतं, शिकारी प्राण्याच्या तोंडी जातं, नाहीतर लाळ-चारा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनियाने मरतं. कोलोरॅडोत पहाडी सिंहांनी (प्यूमांनी) मारलेल्या म्यूल डिअरमध्ये बाधित हरणांचं प्रमाण आसपासच्या कळपापेक्षा बरंच जास्त निघालं. आपल्याला दिसत नाही ते त्या सिंहाला दिसतं. उलट, खंगलेलं प्रत्येक हरीण याच रोगाचं असंही नसतं. मेंदूतलं गळू, मेंदूच्या आवरणातले जंत, जुनी जखम, कडक हिवाळ्यातली उपासमार, ही सगळी कारणं मी टेबलावर पाहिली आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणवठ्याशी मेलेली हरणं दिसली तर बहुधा ईएचडी नावाचा चिलटांमुळे पसरणारा विषाणूजन्य रोग असतो.

या रोगाची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती मातीमुळे. शिकत असताना आम्हाला फाशीच्या रोगाचं (अँथ्रॅक्सचं) शिकवत, की त्याने मेलेलं जनावर फाडू नका, खोल पुरा, चुना टाका, कारण त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. प्रिऑन या बाबतीत त्यांच्याच पंगतीतले. कोलोरॅडोतल्या एका प्रयोगात, जिथून बाधित हरणं दोन वर्षांहून आधी हलवली होती त्या रिकाम्या कुंपणात निरोगी म्यूल डिअर सोडली. त्यांच्यातल्या काहींना रोग झाला. ना कळप, ना संपर्क, फक्त तीच जमीन. पुढे असंही दिसलं की चिकणमातीतल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाला प्रिऑन घट्ट चिकटतात आणि तोंडावाटे पोटात गेल्यावर सुट्या प्रिऑनपेक्षा जास्त सहज रोग लावतात. विदर्भ-मराठवाड्याची काळी कसदार माती याच जातीच्या खनिजांनी भरलेली आहे. भारताचा विषय निघतो तेव्हा माझं मन पहिल्यांदा तिथेच जातं.

शिजवून हे मरत नाही, प्रेशर कुकरच्या चार शिट्ट्यांनीही नाही. कातडं सोलायची सुरी आणि भांडी यांच्यासाठी मात्र एक सोपा उपाय आहे. मोंटानातल्या रॉकी माउंटन प्रयोगशाळेने २०१९मध्ये दाखवलं की घरगुती ब्लीचचं चाळीस टक्के द्रावण, म्हणजे दोन भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी, पाच मिनिटांत स्टेनलेस स्टीलवरचे सीडब्ल्यूडीचे प्रिऑन निकामी करतं. आधी भांडं स्वच्छ घासा, कारण मांसाचा तुकडा चिकटलेला असेल तर ब्लीच त्याच्या आत शिरत नाही.

आता तुमच्या भागाबद्दल. तुमच्या घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर माउंट होरेब आहे. २००१च्या हंगामात त्या परिसरात मारलेल्या तीन नरांमध्ये रोग असल्याचं फेब्रुवारी २००२मध्ये कळलं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला तो तोवर कधी सापडला नव्हता. राज्याने ठरवलं की त्या पट्ट्यातली हरणं जवळजवळ संपवायची, म्हणजे रोग तिथेच थांबेल. सरकारी नेमबाज आले, हंगाम लांबवले. पण जमिनी खासगी, आणि पिढ्यान्‌पिढ्या हरणांवर जीव असलेल्या शेतकऱ्यांना ते पटेना. खाण्यासाठी एक-दोन हरणं मारणारा माणूस ढिगाने मारून फेकून द्यायला तयार होत नाही. त्यांना दोष देणं मला जमलेलं नाही. २००७च्या सुमारास सरकारी नेमबाजी थांबली.

शेजारच्या इलिनॉयमध्ये त्याच वर्षी, २००२च्या नोव्हेंबरमध्ये, रोग सापडला. त्यांनी सरसकट संहार केला नाही. जिथे बाधित हरीण निघालं त्या छोट्या भोवतालात दर हिवाळ्यात नेमून हरणं कमी करत राहिले, आणि मुख्य म्हणजे मध्ये थांबले नाहीत. पहिली दहा वर्षं तिथलं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास राहिलं, विस्कॉन्सिनचं मात्र नेमबाजी थांबल्यावर चढत गेलं. आज तुमच्या पश्चिमेच्या आयोवा आणि सॉक काउंट्यांच्या काही पट्ट्यांत दर दोन-तीन प्रौढ नरांमागे एक बाधित निघतो. माद्यांमध्ये प्रमाण कमी, कारण नर लांब भटकतात आणि एकमेकांच्या खुणांच्या फांद्या चाटत, हुंगत फिरतात. रोग पूर्ण संपवणं इलिनॉयलाही जमलेलं नाही. पण वेळ विकत घेता येतो, आणि तो वेळ मोलाचा असतो, हे त्यांनी दाखवून दिलं. वायोमिंगच्या कॉन्व्हर्स काउंटीत रोग जुना आणि दाट आहे. तिथल्या दोन अभ्यासांत व्हाइट-टेल्ड हरणांची संख्या वर्षाला साधारण दहा टक्क्यांनी आणि म्यूल डिअरची वीस टक्क्यांनी घटताना आढळली. रोग हळू आहे म्हणून निरुपद्रवी आहे, असं म्हणणाऱ्यांना मी हेच आकडे दाखवतो.

२०२३च्या शरदात यलोस्टोनमधल्या एका मेलेल्या म्यूल डिअरमध्ये तो सापडला आणि जगभर ‘झोंबी’च्या बातम्या झाल्या. प्रत्यक्षात तोवर तो अमेरिकेच्या तिसाहून जास्त राज्यांत पोचला होता. कॅनडातही तो आहे. कॅनडातून नेलेल्या पाळीव एल्कबरोबर तो दक्षिण कोरियात गेला. २०१६मध्ये नॉर्वेच्या नॉर्डफ्येला पर्वतभागातल्या रानटी रेनडिअरमध्ये सापडला, तेव्हा नॉर्वेने त्या भागातली दोन हजारांहून जास्त रेनडिअर मारून तो पट्टा रिकामा केला. रेनडिअरवर जगलेल्या देशाने घेतलेला तो निर्णय होता. काही वर्षांत शेजारच्या हार्डांगरविड्डा पठारावर बाधित रेनडिअर निघालं, ते वाचलं त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

माणसाचं काय, याचं उत्तर मी सावधपणे देतो. आजपर्यंत हा रोग हरणातून माणसाला झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑनायडा काउंटीत २००५मध्ये एका अग्निशमन दलाच्या जेवणावळीत बाधित हरणाचं मांस वाढलं गेलं आणि ते नंतर कळलं. जेवलेल्यांपैकी सुमारे ऐंशी जणांवर पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं, रोगाची खूण दिसली नाही. कोलोरॅडो-वायोमिंगमधले शिकारी तर अर्ध्या शतकाहून अधिक काळ हे मांस खात आले आहेत. २०२४मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी मेंदूच्या ऊतीच्या गोळ्यांवर सीडब्ल्यूडीचे प्रिऑन घालून पाहिले, त्यांना लागण झाली नाही. हरणाचं आणि माणसाचं ते प्रथिन पुरेसं वेगळं आहे, म्हणून एकाची घडी दुसऱ्यावर सहज बसत नाही. त्याच वर्षी दोन शिकाऱ्यांना क्रॉइट्सफेल्ट-याकोब हा माणसातला प्रिऑन-रोग झाल्याची बातमी फिरली. हा रोग जगात सगळीकडे, हरणाचं तोंडही न पाहिलेल्यांना, दर दहा लाखांत वर्षाला एक-दोघांना होतच असतो. त्या दोघांचा हरणांशी संबंध सिद्ध झालेला नाही.

मग मी पाकिटं टाकायला का सांगतो? ब्रिटनमुळे. १९८६मध्ये तिथे गायींचा बीएसई, म्हणजे ‘मॅड काऊ’ रोग, ओळखला गेला. माणसाला धोका नाही असा दिलासा लोकांना दिला जात राहिला, आणि मार्च १९९६मध्ये सरकारला संसदेत सांगावं लागलं की तरुण माणसांमधला नवा मेंदूरोग बहुधा त्यातूनच आला आहे. एकट्या ब्रिटनमध्ये १७८ माणसं त्याने गेली. शिवाय सीडब्ल्यूडीच्या सगळ्या जाती सारख्या नाहीत. नॉर्वेच्या मूस या मोठ्या हरणाच्या म्हाताऱ्या जनावरांमध्ये सापडलेली जात अमेरिकेतल्यापेक्षा वेगळी निघाली. मकाक माकडांवरच्या प्रयोगांचे निष्कर्षही एकमेकांशी जुळत नाहीत. स्क्विरल मंकी जातीच्या माकडांना तर प्रयोगात लागण झाली आहे. ज्या गोष्टीला उपाय नाही तिथे मुंडकं तपासणीला देऊन दोन आठवडे थांबणं हा फार मोठा त्याग नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था हेच सांगते. बाधित भागातलं हरीण तपासून घ्या, बाधित निघालं तर खाऊ नका. तुम्ही खाऊन झालेल्यासाठी कसलीही रक्ततपासणी करायला जाऊ नका. जिवंत, निरोगी माणसात हे शोधणारी चाचणीच नाही, आणि कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणालं तर देऊ नका.

‘आढळला नाही’ म्हणजे ‘नाहीच’ असं मात्र नसतं. लागण अगदी ताजी असेल तर ती ग्रंथींत अजून दिसत नाही. तरीही धोका पुष्कळच कमी होतो. पाकिटातल्या नुसत्या मांसावरून खात्रीचं उत्तर मिळत नाही, ग्रंथीच लागतात, म्हणून मुंडकं टाकून दिल्यावर वेळ गेलेली असते. सॉसेज-जर्की बनवून देणारे काही ठिकाणी चार जणांची हरणं एकत्र दळतात. आजोबा तिथे देत असतील तर माझं हरीण वेगळं ठेवा म्हणून सांगायला सांगा.

मुलांची सफरचंदं आजपासून बंद. तुमच्या काउंटीत हरणांना खायला घालण्यावर कायद्यानेच बंदी आहे, आणि ती योग्य आहे. एकाच जागी रोज दहा तोंडं आली की लाळ, मूत्र, लेंड्या सगळं त्या चौरस वारभर मातीत. मुलांना हरणाची लाळ लावून घेऊ नका एवढंच सांगून उपयोग नाही, एका हरणाची लाळ दुसऱ्या हरणाला लागते हे समजावून सांगा. माझ्या मुलीला मी सहाव्या वर्षी असंच सांगितलं होतं, तिला लगेच कळलं. भेलकांडणारं हरीण दिसलं तर जवळ न जाता राज्याच्या निसर्गसंपदा खात्याला फोन करा.

आईंना सांगा, ताडोबा-पेंचमध्ये हा रोग नाही. भारतात त्याची एकही नोंद नाही. आपण ज्यांना सरसकट हरणं म्हणतो त्यातही दोन घराणी आहेत. चितळ, सांबर, बाराशिंगा, भेकर यांच्या नरांची भरीव शिंगं गळतात आणि नवी येतात, ती या रोगाच्या घराण्यातली. कळवीट, चिंकारा, चौशिंगा, नीलगाय यांची पोकळ शिंगं आयुष्यभर राहतात, ती गाई-शेळ्यांच्या घराण्यातली. त्यांच्यात हा रोग आढळलेला नाही. टेक्सासमध्ये १९३२पासून आणलेले चितळ रानोमाळ आहेत, आणि हा रोग होऊ शकणाऱ्या प्रजातींच्या तिथल्या सरकारी यादीत चितळ नाही. पण भेकराच्या चिनी चुलतभावाला प्रयोगात लागण झाली आहे, म्हणून मी निश्चिंत नाही. जिवंत हरणांची आयात हाच त्याचा भारतात येण्याचा खरा रस्ता, आणि तो बंद ठेवणं आपल्या हातात आहे. सफारीत लाळ गाळणारं चितळ दिसलंच, तर तिथल्या पशुवैद्यकाने आधी लाळ्या-खुरकत आणि रेबीजचाच विचार करावा. वनखात्यातल्या माझ्या मित्रांना मी एवढंच सांगत असतो, की रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या सांबराचं शवविच्छेदन कराल तेव्हा मेंदूच्या देठाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये जपून ठेवा.

राहिले आजोबा. त्यांना ‘तुमचं मांस आम्ही टाकलं’ असं म्हणू नका. इथल्या माणसाने स्वतः मारलेल्या हरणाचं मांस देणं म्हणजे आपल्याकडे शेतकऱ्याने नव्या तांदळाची पहिली पायली घरी आणून देण्यासारखं आहे. विस्कॉन्सिनमध्ये तपासणी फुकट होते. पुढच्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्याबरोबर मुंडकं घेऊन, तपासणीची मुंडकी जमा करायच्या जवळच्या सरकारी पेटीपर्यंत जा, पावतीवरचा क्रमांक मोबाइलमध्ये टिपून ठेवा, आणि उत्तर येईपर्यंत मांस त्यांच्याच फ्रीझरमध्ये राहू द्या.